पिनकोडाचे अवयव पाडताना

मोठ्या संख्येला हात घालायचाय ना? मग लांब कशाला जातोस, आपल्या सोलापूरचा ४१३००१ घे. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. उरले ४५८८९.

खरी कसोटी इथून पुढं. याची अंकांची बेरीज ३४, म्हणजे ३ चा विषय संपला. आता ७, ११, १३ असं मूळ संख्यांनी भागत जा. २१४ पर्यंत पुरे, कारण २१५ चा वर्गच मोठा होतो. मी नवखा होतो तेव्हा १०१ ला कंटाळलो आणि ‘मूळ आहे’ असं वहीत लिहून मोकळा झालो. १०३, १०७ लाही ती दाद देत नाही. १०९ ला मात्र बाकी शून्य! भागाकार ४२१, तोही मूळ. म्हणजे ३² × १०९ × ४२१. घातांकांत एकेक मिळवून गुणलं की ३ × २ × २, विभाजक बारा.

मला खरी गोडी पुढच्या भागाची. १०९ आणि ४२१, दोन्हींना ४ ने भागलं की बाकी १. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच: १०० + ९, २२५ + १९६. म्हणून आपला पिनही फुटतो, तोही दोन तऱ्हांनी: ५७६² + २८५² आणि ५५५² + ३२४². कॅल्क्युलेटर ठेव बाजूला, पाठकोऱ्या कागदावर ताळा कर.

४१३००३ वर मात्र हे करत बसू नकोस. ४ ने भागल्यावर त्याची बाकी ३. तिथं दोन वर्ग मिळणारच नाहीत.