सासूबाईंचं नाव गावच्या कार्डावरून आत्ता कमी करू नका

ताई, सासूबाईंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) त्यांचं नाव गावच्या केशरी रेशन कार्डावरून तुमच्या शुभ्र कार्डावर आणताय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तो अर्ज थांबवा. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

२०२२ मध्ये आईला गावाहून आमच्याकडे आणलं. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला घेतला, इकडच्या रेशन कार्यालयात अर्ज दिला. मग चार महिने खेटे. कधी साहेब दौऱ्यावर, कधी सर्व्हर बंद, एकदा तर दाखल्यावरचा गोल शिक्का पुसट आहे म्हणून परत पाठवलं. खिडकीच्या उजेडात धरून मी त्यातलं एकेक अक्षर वाचून दाखवलं, तरी नाहीच. पाचव्या महिन्यात आईच्या छातीत दुखायला लागलं. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाने, दोन्ही कार्डं तपासली, आईचं नाव कुठेच नव्हतं. अँजिओप्लास्टी योजनेत, रुग्णालय योजनेत, आई मात्र बाहेर. पावणेदोन लाख भरले. पुढे नाव लागलं, पण योजना कॅशलेस आहे, मागची बिलं मंजूर होत नाहीत. त्या कार्यालयावरून जाताना आजही माझं डोकं तापतं.

तुम्हाला मुळात नाव हलवायची गरजच नाही. राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचं कार्ड योजनेतल्या रुग्णालयात चालतं. रंगाचा प्रश्नही १ जुलै २०२४ पासून उरलेला नाही, शुभ्र कार्डवालेही योजनेत आले. उपचारांसाठीचे वर्षाचे ५ लाख कार्डावरच्या सगळ्यांचे मिळून असतात, म्हणून गावी यंदा कुणी मोठे उपचार घेतलेत का ते आधी विचारा. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव आजच शेजारी ठेवून जुळतंय का ते वाचा.

मी योजनेत कामाला नाही, तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्याच. पण भरतीच्या आधी. आणि 'योजनेबाहेर उपचार घेत आहोत' अशा कागदावर घाईत सही करू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी.

सासूबाईंचं वय लिहिलेलं नाही. सत्तर पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढा, ते ज्येष्ठांच्या मोफत उपचारांसाठी केंद्राचं कार्ड आहे. ते आधारवर निघतं, उत्पन्न विचारत नाहीत. मात्र केंद्र सरकारची कर्मचाऱ्यांसाठी आणि पेन्शनरांसाठी असलेली आरोग्य योजना (सीजीएचएस) त्यांना असेल, तर दोन्हींपैकी एकच निवडावी लागते.