जुन्या गाडीच्या मागच्या दाराची पॉवर विंडो खाली जाऊन अडकली आहे, पार्ट यायला आठवडा लागेल. पावसात तोपर्यंत काय करावं?

प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी हा उपाय आधी डोक्यातून काढून टाका. जो भेटेल तो तुम्हाला तेच सांगणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितोय.

तुम्ही म्हणता की बटण दाबलं की दारातून मोटर फिरल्याचा आवाज येतो, काच मात्र जागची हलत नाही. म्हणजे मोटर बहुधा ठणठणीत आहे. काच ओढणारी तार तरी तुटली असेल, नाहीतर काच धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप गेली असेल. वर्षानुवर्षं उन्हात तापून ती क्लिप कडक होते आणि एक दिवस कट्कन तुटते. दार न उघडताच "मोटर बदलावी लागेल" असं जो मेकॅनिक म्हणेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण आमच्या गाडीची काच गेली ती भर श्रावणात, आई गाडीत असताना. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. टेंबे स्वामींची समाधी गरुडेश्वरला, त्यामुळे आमच्या घरातून तिथे दरवर्षी जाणं होतंच. त्या खेपेला आई, ताई, भाऊजी आणि मी निघालो होतो. डभोई मागे पडलं, तिलकवाडा जवळ आलं आणि आईने रस्त्यावरच्या बाईकडून भाजलेलं कणीस घ्यायला काच खाली केली. कणीस हातात आलं, बटण दाबलं, तर दारात धप्प आवाज झाला आणि काच पार तळाशी जाऊन बसली. समोर राजपीपळ्याच्या बाजूला आभाळ काळं झालेलं. आईला दमा आहे. पावसाळी गार वारं अंगावर घेतलं की तिची रात्र बसून जाते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

भाऊजी म्हणाले, "अरे, त्यात काय! कागद लावून टाकू." दुकानातून प्लास्टिक आणि खोक्यांना लावतात ती तपकिरी टेप आली, चारी बाजूंनी चिकटवून झाली. गाडीने वेग घेतला तसा कागद फुगला. फडफड एवढी की मागे आई काय म्हणतेय ते पुढे ऐकू येईना. वळताना त्या बाजूला मान वळवून पाहिलं तर नुसतं धुरकट प्लास्टिक. मग सर आली. ओल्या पत्र्यावर टेप धरतच नाही, वरची कड सुटली आणि साचलेलं पाणी एकदम आईच्या मांडीवर. ताईने शाल काढून तिला गुंडाळलं. मी गाडी बाजूला घेतली ती तिलकवाड्यात एका सुताराच्या दारात.

आता लक्ष देऊन वाचा, हेच तुम्हाला करायचं आहे. दाराच्या हँडलच्या खोबणीत छोट्या टोपीखाली स्क्रू असतो, हाताच्या टेकूखाली आणखी एक-दोन असतात. ते काढून दाराचं पॅड कडेने हळूहळू ओढायचं, क्लिपा टकटक सुटतात. आत पत्र्याला चिकटवलेला एक पातळ कागद असतो. तो फाडू नका, फेकू तर मुळीच नका. काचेवरून दाराच्या आत उतरणारं पाणी तोच अडवतो. तो नसला तर काच बंद असूनही पाणी सीटखालच्या मॅटपर्यंत येतं. कागद एका बाजूने सोडवला की खाली काच दिसते. एकाने आतून हात घालून ती खालून उचलायची, दुसऱ्याने वरून दोन्ही तळवे दाबून ओढायची. एकट्याने हा खेळ करू नका. काच तिरकी झाली की ती सरकते त्या खाचेत, म्हणजे चॅनलमध्ये, अडकते.

भाऊजींनी वरून काच धरली, मी आतून. काच वरच्या रबरात बसल्यावर तिच्या खालच्या लोखंडी पट्टीपासून दाराच्या तळापर्यंतचं अंतर सुताराने सुतळीने मोजलं आणि तेवढी लाकडी पट्टी कापली. "थई जशे, काका" (होऊन जाईल), एवढंच म्हणाला. पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. एक तर त्याने काचेवर आघात येत नाही, शिवाय पट्टी पत्र्यावर घसरत नाही. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मोकळी ठेवून पट्टी उभी केली. मोटरचं कनेक्टर काढून ठेवलं, म्हणजे चुकून कोणी बटण दाबलं तरी काही हलायला नको. कागद परत चिकटवला, पॅड दाबून बसवलं. येताना डभोईपर्यंत धो धो पाऊस होता. दारातून एक थेंब आत आला नाही आणि आई सीटवर निवांत झोपली.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे भाऊजी आजही चारचौघांत म्हणतात, "प्लास्टिकनेच भागलं असतं, याने उगाच तासभर घालवला." नसतं भागलं. पाणी आईच्या मांडीवर पडलं तेव्हा तेही गाडीतच होते. तात्पुरता उपाय म्हणजे जो पार्ट येईपर्यंत टिकतो तो. पुढच्या गावापर्यंतही जो पुरत नाही त्याला उपाय म्हणू नये. त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "ही जुनी गाडी काढून टाक." एका तुटलेल्या तारेसाठी? बडोद्याला आल्यावर एका गॅरेजने मोटरसकट पूर्ण सेट सांगितला होता. मी नुसती काचेची मशीन, म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा, आणून जुन्या मोटरवर चढवून घेतली, आणि ती खिडकी अजून बिनतक्रार चालते. तुम्हीही हट्ट धरा, मोटर आणि मशीन वेगवेगळी मिळतात का ते विचाराच.

ज्यांच्या गाडीत बटण दाबल्यावर आवाजच येत नाही त्यांचं दुखणं वेगळं. आधी ड्रायव्हरकडचं विंडो लॉक बघा, मग फ्यूज, मग दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी. दार उघडून-मिटून तिथल्या वायरी आतल्या आत तुटतात. वायरिंगच गेलं असेल तर मोटरचं कनेक्टर काढून बॅटरीपासून दोन वायरी थेट लावा, मधे फ्यूज टाकून. काच उलटी जायला लागली तर वायरींची अदलाबदल करा. काच वर टेकली की लगेच सोडा, दाबून धरू नका, मोटर तापते. काच अशी वर गेली तर त्या लाकडी पट्टीची पाचर लागतही नाही, मोटरचा गिअर तिला धरून ठेवतो.

काही गोष्टी राहिल्या. दाराची काच टफन्ड असते, कडेला टोला बसला तर क्षणात तिचा चुरा होतो, म्हणून पक्कड लावू नका, पाचर हातोडीने ठोकू नका. आतला पत्रा धारदार असतो, जाड हातमोजे घाला. वरून आधार म्हणून टेप लावायचीच तर कागदी मास्किंग टेप लावा. तपकिरी टेपचा गोंद उन्हात रंगाला धरतो आणि निघता निघत नाही. काळी पिशवी किंवा काळी फिल्म तर नकोच. बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा नियम आहे, आणि 2012 साली सुप्रीम कोर्टाने फिल्मवर बंदी घातल्यापासून पोलीस तेवढ्यावरून गाडी थांबवतात.

टोयोटा फोररनरसारख्या गाडीत डिकीची काचच बटणावर खाली जाते. ती उघडी राहिली असेल तर तशीच गाडी दामटू नका. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो. काच वर करता येत नसेल तर बाकीच्या खिडक्या उघडून हळू चालवा आणि जवळच्या गॅरेजला न्या.

आणि पार्ट येईपर्यंत ते दार सगळ्यांनी हळू लावायचं, घरातल्या पोरांना बजावून ठेवा. दार आपटलं की पाचर सरकते.