स्वामी रामानंद तीर्थ कुठल्या मठाचे होते की राजकारणी होते? मराठवाड्यात सगळीकडे त्यांचं नाव का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला नव्याने बदली झाली, विद्यापीठाला नाव स्वामी रामानंद तीर्थांचं, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच. फोटोत अंगावर भगवं. मग हे साधू की पुढारी? आणि पुढारी असतील तर मंत्र्यांच्या कुठल्याच यादीत कसे सापडत नाहीत?

मी बीड जिल्ह्यातला, शाळेत इतिहास शिकवतो. आमच्याकडे दवाखान्यात न्यायचं म्हटलं की लोक सरळ 'स्वारातीला न्या' म्हणतात. स्वाराती म्हणजे कोण, हे पेशंटबरोबर आलेल्या तरुण पोराला विचारा, नव्वद टक्के वेळा खांदे उडवतो. त्यामुळे तुम्ही बाहेरचे असून विचारलंत, याचं बरं वाटलं.

मठ-बिठ काही नाही. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३, आजच्या कर्नाटकात. शाळा सोलापुरात. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सोडली, पुढचं शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलं. म्हणजे सुरुवात कामगार चळवळीतून. तब्येतीने दगा दिला तेव्हा ते काम सुटलं आणि १९२९ च्या सुमारास हा माणूस हिप्परग्याला येऊन पोचला. हिप्परगा आज धाराशिव जिल्ह्यात, तेव्हा निजामाच्या मुलखातलं, म्हणजे हैदराबाद संस्थानातलं, एक आडगाव. तिथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती, तिचे ते मुख्याध्यापक झाले. संन्यास घेतला तो तिथेच, आणि खेडगीकर गुरुजींचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन हिमालयात मात्र गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गावरच.

आता शाळा हा एवढा मोठा मामला का, ते समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. निजामाच्या राज्यात जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. गश्ती निशाण ५३ नावाचं परिपत्रक त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. खाजगी शाळा काढायची तरी मंजुरी, तालीम काढायची तरी मंजुरी. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच. नाणं वेगळं, जकात वेगळी. आमच्या घरी जुन्या डबीत एक हाली रुपया आहे, मधोमध चारमिनार कोरलेला. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत 'हाली' आणि 'कलदार' असे दोन रकाने असत, म्हणजे निजामाचा रुपया वेगळा आणि इंग्रजांचा वेगळा. सोलापूरहून कापड आणलं तरी करोडगिरी नाक्यावर जकात भरून मग गावात यायचं. अशा राज्यात चार माणसं एकत्र बसून विचार करतील अशी जागा म्हणजे शाळा, वाचनालय, फार तर गणेशोत्सव. औरंगाबादची सरस्वती भुवन, नांदेडचं प्रतिभा निकेतन, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय, या संस्थांच्या आवारात पुढची चळवळ तयार झाली. मराठवाड्यातल्या जुन्या संस्थाचालकांच्या घरात तुरुंगवास आणि हेडमास्तरकी बहुधा एकत्र सापडते.

स्वामीजी १९३५ मध्ये हिप्परग्याहून अंबाजोगाईला आले. गावाचं सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद. योगेश्वरीची शाळा उभी केली, बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी जोडले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, तिथून ते राजकारणात ओढले गेले आणि १९३८ मध्ये शाळा सोडून हैदराबादला गेले.

त्याच वर्षीची गोष्ट तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेस अजून रीतसर स्थापनही झाली नव्हती, तोच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला, तीन दिवसांनी स्वामीजींनी स्वतः सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. पण त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू झाले. त्यांच्या मागण्या धार्मिक हक्कांच्या होत्या. सरकारला हे सोयीचंच होतं, सगळ्यांना एका माळेत ओवून 'हे हिंदूंचं आंदोलन आहे' म्हणता येत होतं. गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबरात स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला, कारण त्यांची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सरकारची, आणि ती त्या गर्दीत हरवायला नको होती. म्हणजे बघा, पुढाऱ्याच्या अंगावर भगवी कफनी, आणि त्याची संघटना धर्माच्या आंदोलनापासून कटाक्षाने बाजूला. त्यांना साधू म्हणायचं असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवून म्हणा. बोलणं-वागणं समाजवाद्यासारखं होतं, आणि उजवा हात म्हणावा असे गोविंदभाई श्रॉफ तर मार्क्सवादी विचारांचे. काँग्रेसमधल्याच मवाळांशी या गटाचं कधी पटलं नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग. बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये. त्याच साली ऑक्टोबरात बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे या कार्यकर्त्याचा खून झाला. नांदेडात आहात तर हे नाव तुमच्या कानावर येईलच.

जून १९४७ मध्ये निजामाने आपण स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं. त्याच आठवड्यात हैदराबादच्या मुशीराबादला स्टेट काँग्रेसचं पहिलं खुलं अधिवेशन झालं, अध्यक्ष स्वामीजी. १५ ऑगस्टला दिल्लीत उत्सव चालू असताना स्वामीजींनी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकवला आणि अटक झाली. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला तेव्हा सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत.

म्हणजे रझाकारांचा, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा, कहर चालू होता ते महिने स्वामीजी गजाआड होते. बाहेरची लढाई दिगंबरराव बिंदूंची कृती समिती, गोविंदभाई आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांनी चालवली. मनमाड, सोलापूर, उमरखेड इथून लोक आत घुसत. करोडगिरी नाके जाळायचे, शिंदीची झाडं तोडायची (अबकारीचं उत्पन्न बुडावं म्हणून), लेव्हीचं, म्हणजे सरकार सक्तीने घेई ते, धान्य द्यायचं नाही. ३० जानेवारी १९४८ ला तुमच्या जिल्ह्यातल्या उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली, नेमकी त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गांधींना गुरू मानणाऱ्या नेत्याच्या संघटनेने बंदुका हाती घेतल्या होत्या, हा पेच आहेच. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग उरलेला नव्हता. समोर रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी होता, तोही आमच्याच लातूरचा वकील.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या (यालाच 'पोलीस ॲक्शन' म्हणतात), १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. स्वामीजी सुटले. दर १७ सप्टेंबरला आम्ही शाळेत झेंडावंदन करतो, ऑगस्टातलं झालेलं असतं तरी महिन्याभरात दुसरं. बहुतेक वेळा पाऊस असतो आणि भाषणात गोष्ट इथेच संपते. 'पोलीस ॲक्शन'नंतर उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, बीदर भागात मुसलमानांवर जे अत्याचार झाले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले होते. तो अहवाल कित्येक वर्षं कपाटात राहिला, आणि भाषणात तर अजूनही येत नाही. जुनी माणसं खाजगीत सांगतात. रझाकारांचं सांगणारी तीच माणसं हेही सांगतात.

आता शेवटचा मुद्दा, मंत्री का झाले नाहीत. झाले नाहीत, कारण व्हायचं नव्हतं. खासदार मात्र दोनदा झाले, १९५२ ला गुलबर्ग्यातून, १९५७ ला औरंगाबादेतून. कन्नड मुलुखातूनही निवडून आले आणि मराठी मुलुखातूनही. आणि याच माणसाने हट्ट धरला तो हैदराबाद राज्य मोडण्याचा. तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कन्नड भागाचे तीन जिल्हे, असं हे राज्य. नेहरू सुरुवातीला ते मोडायला तयार नव्हते. स्वामीजींचं म्हणणं, लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालायचा तर हे राज्य टिकवून उपयोग नाही. राज्य राहिलं असतं तर त्यांचं वजन कितीतरी वाढलं असतं. १ नोव्हेंबर १९५६ ला तिन्ही भाग तीन दिशांना गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि ज्या संघटनेचे ते सर्वोच्च नेते होते तिचा मुलूखच नकाशावर उरला नाही. आज मंत्रालयात त्यांचा फोटो का दिसत नाही, याचं कारण मला तरी यातच दिसतं. महाराष्ट्राला ते हैदराबादचे वाटले, तेलंगणाला मराठवाड्याचे, आणि कर्नाटकाने तर कधी हक्कच सांगितला नाही.

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत गेले. समाधी तिथेच, बेगमपेटला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानत. नांदेडचं विद्यापीठ १९९४ मध्ये निघालं, मुद्दाम १७ सप्टेंबरलाच.