ऑफिसातल्या मैत्रिणीला येशूबद्दल सांगायची भीती वाटते

"अक्का, मी पेत्रासारखं केलं." आल्या आल्या तिचं पहिलं वाक्य हेच. (पेत्र म्हणजे येशूचा शिष्य, येशूला पकडल्यावर घाबरून "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला तो.) पोरगी खानापूर तालुक्यातली, बेळगावात टिळकवाडीला नोकरीला, रोज बसनं येजा. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) झालं असं की ऑफिसातल्या मैत्रिणीची आई आजारी, आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं सहज विचारलं, तुझे बाबा गेले तेव्हा तू एवढी शांत कशी गं राहिलीस? तर ही म्हणाली, "काय नाही गं, सवय झाली." आणि डबा बंद केला. त्यानंतर महिनाभर झोप नाही, चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली की ही बाहेर चपला शोधायला जाते.

असे खूप जण येतात माझ्याकडे, आणि बहुतेकांना वाटतं आपला विश्वासच कमी पडला. मला तसं वाटत नाही. मी तिला विचारलं, नेमकी भीती कशाची? बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ती म्हणेल ही मला बाटवायला बघतेय, आणि मग मैत्रीच जाईल."

ही भीती खोटी नाही. कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर 2021 ला विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, पुढं 2022 ला कायदा झाला, तेव्हापासून आमच्या घरांत लोक जरा दबूनच बोलतात. म्हणून मी तिला सरळ सांगितलं, तो कायदा जबरदस्ती, फसवणूक, आमिष असल्या गोष्टींविरुद्ध केलेला. आपला विश्वास काय आहे ते सांगायचा हक्क घटनेच्या कलम 25 मध्ये आहे, दुसऱ्याचा धर्म बदलायचा हक्क मात्र त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1977 लाच सांगितलंय. आणि खरं सांगू का, मला ही रेघ विश्वासणारी म्हणूनही पटते. कुणाची आई अंथरुणावर असताना "प्रभूकडे ये, बरी होईल" म्हणणं मला पाप वाटतं. आपल्या हातात नसलेलं वचन कसं द्यायचं?

मग पेत्राकडे आलो. एका दासीनं विचारलं तर घाबरून नाही म्हणणारा हाच माणूस, पुढं बायबलमधल्या त्याच्याच पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात आहे की तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं. विचारेल त्याला! तुला तर तिनं विचारलं होतं की गं. हे ऐकून ती रडली, मी रडू दिलं.

पुढच्या दोन भेटीत आम्ही फक्त बोलायची सवय केली, तेही घरी बोलतो तसं. पहिल्यांदा ती पास्टरसारखं "तारण", "अनुग्रह" म्हणायला लागली, मी थांबवलं, म्हटलं बाबा गेले त्या रात्री काय झालं ते सांग. तर म्हणाली, आई आणि मी स्वयंपाकघरात बसून स्तोत्र 23 म्हणत होतो, मधेच आईचा आवाज गेला आणि मी एकटीनं पुरं केलं, तेव्हा वाटलं कोणतरी आहे इथं. बस, एवढंच. आधी "सांगू का?" विचारायचं, ती नको म्हणाली तर चहा प्यायचा.

दीड महिन्यानं ती परत आली. खानापूरच्या बसमध्ये सांगितलं म्हणे, आवाज कापत होता, अर्धं तर कंडक्टरच्या ओरडण्यात गेलं. मैत्रिणीनं विचारलं, मग तू रडलीच नाहीस? ही म्हणाली, रडले की, खूप. मग मैत्रीण पण बोलायला लागली, आईसाठी सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आले, तिथं मला कसं वाटलं ते तुला सांगू का म्हणून.

"मग तू काय केलंस?"

"ऐकलं की अक्का. माझा स्टॉप आला तरी उतरले नाही."