खाता कॉरिडॉरला निघण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नेपाळमधल्या बर्दिया राष्ट्रीय उद्यानात रुजू होतोयस हे वाचून फार आनंद झाला. दोन देशांच्या अभयारण्यांचं सहकार्य समजून घ्यायला आधी काय वाचू, असं विचारलंस. करार वाच, पण ते एका संध्याकाळचं काम आहे. नेपाळबरोबरच्या जैवविविधतेच्या सामंजस्य कराराला भारताच्या मंत्रिमंडळानं २०२२ साली मंजुरी दिली. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो ताडून पाहिले की अंगावरच्या पट्ट्यांवरून कळतं, भारतातल्या कतर्नियाघाट अभयारण्याचा वाघ बर्दियात येऊन गेला. हे सगळं हवंच. पण तो ज्या वाटेनं गेला, ती खाता कॉरिडॉरची, म्हणजे या दोन जंगलांना जोडणाऱ्या जंगलपट्टीची वाट बहुतांशी सामुदायिक वनांतून जाते. ही वनं तिथल्या थारू या आदिवासी समाजाच्या गावांनी राखलेली. चराई आवरून, रोपं जगवून त्यांनीच ती पुन्हा उभी केली. शिकाऱ्यांवर नजर ठेवायला गस्तही गावातलीच पोरं घालतात.

म्हणून पोचल्यावर आधी गावात जा. भात तयार झालं की हत्ती शेतात उतरतात. घरात साठवलेल्या धान्यासाठी मातीची भिंतसुद्धा पाडतात. काहींनी पुदिना आणि कॅमोमाइल लावलंय, कारण हत्ती त्याला तोंड लावत नाही. अशा शेताच्या बांधावर मालकाजवळ बस आणि या पिकांचं तेल विकून हातात किती उरतं, ते त्याच्याच तोंडून ऐक.

बर्दियात २००९ साली १८ वाघ होते, २०२२ साली १२५ झाले. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्याच वर्षी जूनमध्ये वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांना कंटाळलेले लोक तिथे रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मुलगी गेली. वाघांचा आकडा सांगशील तेव्हा तिच्याबद्दलही बोल.

नेपाळच्या कायद्यानं उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफर झोनमधल्या, म्हणजे उद्यानालगतच्या पट्ट्यातल्या लोकांसाठी ठेवलाय. तो कशावर खर्च होतो, हे गावकऱ्यांच्या उपभोक्ता समितीत बसून बघ. सीमेअलीकडे, बहराइचच्या गावांतही हेच हत्ती शिरतात, पण भरपाईचे नियम वेगळे, कागद वेगळे. दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांना ओळखतात; शेतकऱ्यांची गाठ कोण घालून देणार? पुढच्या संयुक्त बैठकीला त्यांना बोलवायचा आग्रह धर. प्रवासखर्च आधीच मंजूर करून घे, आणि भातकापणीच्या दिवसांत तारीख मुळीच ठेवू देऊ नकोस.

तुझा,
काका