व्हाळात मासे मेले, तर आधी फवारणीचा ड्रम कुठे धुतला ते बघा

प्रश्न (सत्तरी, गोवा): मृगाच्या पहिल्या सरींनंतर कुळागराखालच्या (पोफळीच्या बागेखालच्या) व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाणी साठलेल्या कोंडीत बोटभर लांबीचे मासे पोट वर करून तरंगताना दिसले. दोन दिवस आधी पोफळींवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) मारला होता. दुकानदार म्हणतो, बोर्डो सेंद्रिय शेतीतही चालतो, त्याने मासे मरत नाहीत. मग कशाने मेले?

उत्तर: बहुतेक बोर्डोनेच. झाडावर बसलेल्या बोर्डोपेक्षा बनवताना सांडलेल्या आणि धुताना ओतलेल्या बोर्डोवर माझा जास्त संशय आहे. तुमचा ड्रम व्हाळाच्या काठावर होता ना? सगळ्यांचा तिथेच असतो, पाणी हाताशी मिळते म्हणून. काठच्या खडकावर निळसर डाग दिसला की मला पुढे काही विचारावे लागत नाही.

हिशेब करून बघा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पन्नास लिटर पाण्यात विरघळवले की त्या निळ्या पाण्याच्या एका लिटरात साधारण ५ ग्रॅम तांबे असते. परदेशातल्या सामन माशांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाएवढे विरघळलेले तांबेसुद्धा त्यांचे नाक बधिर करते, असे दिसले आहे. सामन वासावरूनच आपली नदी आणि आपला शत्रू ओळखतो. या मापाने सांडलेले एक लिटर निळे पाणी पाच लाख लिटर पाणी बिघडवते. आपल्या जांभ्या दगडातून येणारे पाणी मऊ, म्हणजे चुना-क्षार कमी असलेले. अशा पाण्यात तांबे माशांना जास्त बाधते.

दुकानदार सेंद्रिय म्हणाला ते अर्धे खरे आहे. सेंद्रिय शेतीत बोर्डोला मर्यादित मुभा आहे, पण ती मुभा झाडावर मारण्यासाठी आहे, व्हाळात ओतण्यासाठी नाही.

कोळेरोगाला (पावसात पोफळीचे घड कुजवणाऱ्या बुरशीजन्य रोगाला) एक टक्का बोर्डो पुरतो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन टक्के नको, दीड टक्काही नको. 'यंदा पाऊस जास्त आहे, डोस वाढवा' हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि ते दरवर्षी मोरचूद विकणाऱ्याच्याच तोंडून येते. डोस वाढवून रोग जास्त थांबत नाही. मिश्रण घडाला चिकटले पाहिजे, त्यासाठी राळ-सोडा घाला. चुन्याच्या निवळीत मोरचुदाचे पाणी ओता, उलटे करू नका. प्लास्टिकचा ड्रम वापरा. मग लखलखीत घासलेली कोयती मिनिटभर बुडवा. तांबूस थर धरला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना आणखी घाला. हे न तपासता पाडेलीला (झाडावर चढून काम करणाऱ्याला) झाडावर चढवू नका. मोकळे तांबे घडालाही भाजते आणि पावसाबरोबर खाली उतरून माशालाही मारते.

काही दुकानदार बोर्डोतच सायपरमेथ्रीन किंवा लॅम्डा-सायहॅलोथ्रीन मिसळायला सांगतात, 'एका फवारणीत दोन कामे'. अजिबात नको. चुन्याच्या पाण्यात बहुतेक कीटकनाशके निकामी होतात, म्हणजे पैसे बुडाले. आणि ही औषधे माशांना तांब्याहूनही घातक आहेत.

आता वेळ. पहिली फवारणी मेअखेर, झाड कोरडे असताना. पाडेली मिळाला नाही म्हणून ती जूनच्या मध्यावर ढकलली की पहिल्याच सरीत अर्धी धुपते, आणि नेमक्या त्याच दिवसांत चढणीचे मासे अंडी घालायला व्हाळ चढत असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतो आपण, आणि डोंगरात त्याच काळात ड्रम धुतो. दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून. ज्यांच्या पोफळी व्हाळाला अगदी लागून आहेत त्यांनी तेवढ्या ओळींच्या घडांना मेमध्येच प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. मजुरी लागते, पण रोग थांबतो आणि व्हाळही वाचतो.

ड्रम, पंप, बादली धुण्याचे पाणी बागेतल्याच खड्ड्यात जिरवा. खड्डा व्हाळापासून निदान तीस पावले लांब हवा. पुन्हा सांगतो: व्हाळात धुवायचे नाही.

प्रश्न (धारबांदोडा): व्हाळाकाठची करंज, उंबर, जांभळीची झाडे पोफळींचे ऊन अडवतात. ती काढून आणखी दोन ओळी लावल्या तर? शेजाऱ्याने काजूच्या उतारावर तणनाशक मारून जमीन साफ केली, तसे करू का?

उत्तर: दोन्ही करू नका. सामन-ट्राउटच्या देशांनी हा प्रयोग करून झाला आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आल्सी नदीच्या खोऱ्यात शेजारशेजारचे ओहोळ निवडून वर्षानुवर्षे मोजमाप केले. १९६६ मध्ये एका ओहोळाकाठचे जंगल पाण्यापर्यंत सपाट तोडले. वर्षभरात त्या पाण्याचे कमाल तापमान सुमारे १४ अंशांवरून २९ वर गेले आणि तिथले कटथ्रोट ट्राउट घटले. दुसऱ्या ओहोळात तोड झाली, पण काठाची पट्टी राखली. तिथे तापमानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आपले मासे ट्राउटइतके नाजूक नाहीत, पण गोष्ट तीच. एप्रिलमध्ये व्हाळ आटून कोंडी उरतात, आणि सावली गेलेल्या कोंडीत आधी प्राणवायू संपतो. दुसरे, गाळ. सामन गोट्यांच्या फटीत अंडी घालतो, आपल्याकडचा महसीरही गोट्यांचाच तळ शोधतो. उतार उघडा पडला की लाल माती पहिल्या पावसात येऊन त्या फटी बुजवते आणि अंडी गुदमरतात. खाणींच्या गाळावर आपण तावातावाने बोलतो, ते बरोबरच आहे. पण काजूच्या टेकडीवरून उतरणारा गाळ आपलाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडू वेचायला सोपे जावे म्हणून पाला पेटवण्याची सवयही सोडा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आग पसरलेली सगळ्यांनी पाहिली. पाला जाळू नका, काजूच्या बुंध्याशी आच्छादन करा, गवत कापणीयंत्राने कापा. तणनाशकाच्या डब्यावर काजूचे नाव आहे का, ते विकत घेण्याआधी वाचा. ग्लायफोसेटच्या काही डब्यांत मिसळलेला साबणासारखा पदार्थ मासे आणि बेडकांच्या पिल्लांना मारतो. दुकानदार हे सांगत नाही.

माझा आग्रह एकच: व्हाळाच्या दोन्ही अंगांना पंधरा पावलांची पट्टी सोडा. तिथे फवारणी नाही, खोदाई नाही, तोड नाही. झाडे नसतील तर करंज, वाळुंज, उंबर लावा. पोफळीच्या दोन ओळी कमी होतील, पण पुरात बांध वाहून जाऊन अख्खी बाग खचलेली मी पाहिली आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी काठ आधीच बोडका होता. शिवाय खाजगी जमिनीतले झाडही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही.

प्रश्न (सांगे): एक विक्रेता झरीच्या पाण्यावर ट्राउट पाळण्यासाठी बीज देतो म्हणतो. आगाऊ रक्कम मागतो. घ्यावे का?

उत्तर: नाही. ट्राउटला अठरा अंशांखालचे, सतत वाहते पाणी लागते. वीसच्या वर खाणे सोडतो, पंचविशीला मरतो. काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथे तो जमतो. झरीचे पाणी हाताला गार लागले तरी ते गोव्याच्या वार्षिक सरासरी हवामानाइतकेच, सव्वीस-सत्तावीस अंशांचे असते. थर्मामीटर बुडवून त्या विक्रेत्यालाच वाचायला द्या. मासेच पाळायचे तर तळ्यात रोहू-कटला ठेवा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. अर्ज मत्स्योद्योग खात्यात. कोणतेही बीज पुराच्या पाण्यात व्हाळात सुटणार नाही असा बांध आधी घाला.

प्रश्न (काणकोण): वसंत बंधाऱ्याच्या (फळ्या लावून व्हाळाचे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) फळ्या कधी काढाव्यात?

उत्तर: मेअखेर, पहिल्या मोठ्या पावसाआधी. फळ्या राहिल्या की चढणीचा मासा तिथेच अडतो आणि जाळी घेऊन बसलेल्यांची सोय होते. एकदम सगळ्या उपसू नका, वरून एकेक काढा, नाहीतर साठलेला गाळ एका दमात खाली जातो. काढलेल्या फळ्या सावलीत रचून ठेवा.