बिटकॉइन पंधरा वर्षं ठेवायचं असेल तर कुठल्या प्रकारचा अॅड्रेस घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: राहायला कोथरूडला, दर महिन्याला पाच हजारांचं बिटकॉइन घेता, मुलीच्या शिक्षणासाठी पंधरा वर्षं हात लावायचा नाही. नवं हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनच्या किल्ल्या सांभाळणारं छोटं यंत्र) चार प्रकारचे अॅड्रेस, म्हणजे बिटकॉइन जमा करायचे खातेक्रमांक म्हणा, दाखवतंय. त्यातला स्वस्त कुठला, टिकाऊ कुठला? त्यात हिंजवडीचा सहकारी म्हणतो की क्वांटम कॉम्प्युटर येतोय, तेव्हा १ ने सुरू होणारा जुनाच घे.

बीसी१क्यू ने सुरू होणारा, म्हणजे नेटिव्ह सेगविट (व्यवहार कमी जागेत बसवणारा प्रकार) घ्या. पण तुमच्या खर्चाचं खरं दुखणं अॅड्रेसचा प्रकार हे नाहीच.

नेटवर्क फी रकमेवर लागत नाही, व्यवहाराच्या आकारावर लागते. दर महिन्याला एक्स्चेंजवरून (जिथे बिटकॉइन विकत घेता त्या सेवेतून) वॉलेटमध्ये आलेली रक्कम आपोआप एकत्र होत नाही. ती वेगळी नोट म्हणून पडून राहते आणि खर्च करताना प्रत्येक नोटेची फी भरावी लागते. अशी एक नोट खर्च करायला जुन्या १ वाल्या अॅड्रेसला साधारण १४८ व्हीबाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) लागतात, ३ वाल्या नेस्टेड सेगविटला ९१, बीसी१क्यूला ६८ आणि बीसी१पी म्हणजे टॅपरूटला ५७.५.

आता तुमचाच हिशोब मांडू. पंधरा वर्षं एक्स्चेंजवरून दरमहा काढलंत तर १८० नोटा. शेवटी सगळं एकदम हलवलं आणि त्या वेळी दर व्हीबाइटला १० सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) धरला, तर जुन्या प्रकारात २,६६,४०० सॅट, बीसी१क्यूमध्ये १,२२,४०० आणि टॅपरूटमध्ये १,०३,५०० सॅट लागतील. पण हेच वर्षातून एकदा काढलंत तर नोटा फक्त १५. मग सगळ्यात महाग असलेला जुना अॅड्रेससुद्धा २२,२०० सॅटमध्ये सुटतो! म्हणजे दरमहाच्या टॅपरूटपेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय बहुतेक एक्स्चेंज पैसे काढायला ठरावीक रक्कम कापतात, अॅड्रेस कुठलाही असो. पाच हजारांवर दर महिन्याला ती कापून घेणं मला तरी झेपणार नाही.

मग वर्षभर एक्स्चेंजवरच ठेवायचं का? तेही नको. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरहून जास्त चोरीला गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी दर सहा महिन्यांनी काढा म्हणेन. तीस नोटा, वरच्याच दराने बीसी१क्यूमध्ये २०,४०० सॅट. दर वाढला तर हे सगळे आकडे त्याच पटीत वाढतील. एप्रिल २०२४ च्या हाविंगच्या (नव्या बिटकॉइनची निर्मिती निम्मी होण्याच्या) दिवशी फी कशी उसळली होती ते बघा. पंधरा वर्षांत घाई नसलेल्या माणसाला शांत दिवस निवडता येतो.

आता तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. बीसी१पी अॅड्रेसमध्ये पब्लिक की, म्हणजे इतरांना दाखवता येणारी किल्ली (थोडा फेरफार केलेली, पण कीच), सरळ ब्लॉकचेनवर दिसते. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर शोरच्या अल्गोरिदमने (त्यासाठीच्या गणिती पद्धतीने) तिच्यावरून प्रायव्हेट की, म्हणजे पैसे खर्च करायची गुप्त किल्ली, काढता येईल. १ आणि बीसी१क्यू, दोन्हींत मात्र कीचा फक्त हॅश (तिचा ठसा, ज्यावरून मूळ की काढता येत नाही) दिसतो, की पहिल्यांदा खर्च करताना उघडी पडते. पण हा हॅश दोन्हींत सारखाच १६० बिटांचा! मग त्याच संरक्षणासाठी दुपटीहून जास्त फी कशाला भरायची? आज असं यंत्र अस्तित्वात नाही, आणि आलंच तर २००९ च्या सुरुवातीच्या कितीतरी नाण्यांच्या पब्लिक की मुळातच उघड्या आहेत, तिथे बहुधा आधी हात पडेल.

टॅपरूट वाईट नाही. नोव्हेंबर २०२१ पासून चालू आहे, मल्टिसिग (खर्चाला एकाहून जास्त किल्ल्या लागतात अशी सोय) किंवा जास्त अटी घालायच्या तर छान. तुमच्या एकट्याच्या साध्या बचतीत मात्र त्याची फीची बचत नगण्य, आणि काही एक्स्चेंज अजून बीसी१पीवर पाठवतच नाहीत. ३ वाल्याची गरज समोरची सेवा बीसी१ स्वीकारत नसेल तरच.

हॅशचा फायदा तुमच्या सवयींनी घालवू नका. एकदा ज्या अॅड्रेसवरून खर्च केला त्यावर पुन्हा घेऊ नका. वॉलेट दर वेळी नवा देतं. आणि एक्सपब नावाची लांबलचक की कुठल्या पोर्टफोलिओ अॅपला देऊ नका, तिच्यातून त्या खात्याच्या सगळ्या पब्लिक की निघतात.

टॅक्सचं म्हणाल तर अॅड्रेसच्या प्रकाराने फरक पडत नाही. नफ्यावर ३० टक्के आणि विकताना १ टक्का टीडीएस, तसंच.

पंधरा वर्षांचा विचार करताय म्हणून एक गोष्ट कागदावर हवी. वॉलेट परत उभं करायचे चोवीस शब्द तेच असले तरी चारही प्रकारांचे पाथ (त्या शब्दांवरून अॅड्रेस काढायचे मार्ग, ज्यांना बीआयपी नावाच्या मानकांचे क्रमांक असतात) वेगळे असतात: जुन्याचा ४४, नेस्टेडचा ४९, बीसी१क्यूचा ८४, टॅपरूटचा ८६. उद्या तुमच्या पत्नीने किंवा मुलीने दुसऱ्या वॉलेटमध्ये शब्द टाकले आणि प्रकार चुकला, तर बॅलन्स शून्य दिसेल आणि घरात रडारड. शब्दांशेजारी "नेटिव्ह सेगविट, बीआयपी ८४" एवढं लिहा. पासफ्रेज (शब्दांखेरीज तुम्ही स्वतः ठरवलेला जादा पासवर्ड) ठेवली असेल तर ती आहे हेही लिहा, पण ती स्वतः वेगळ्या जागी ठेवा.

पहिल्यांदा एक्स्चेंज देईल तेवढी किमान रक्कमच काढा. आली की डिव्हाइस रीसेट करून पूर्ण रिकामं करा, कागदावरून शब्द टाकून परत उभं करा आणि बॅलन्स दिसतोय का बघा. दिसला तरच पुढचे पाठवा.